होडीवाल्याच्या काचेवरची तीन अक्षरे

मित्रांनो, आज मला पाहाल तर तुम्ही मला कपाट समजाल. तुमच्यातला एखादा दार शोधायला माझ्या मागेही जाईल. जाऊ दे, मला आता सवय झाली आहे. पण मी कपाट नाही. मी नाणे टाकून खेळायचे एक जुने गेमचे मशीन आहे. माझ्या पडद्यावर एक होडी चालायची, म्हणून सगळे मला ‘होडीवाला’ म्हणत, आणि मीही स्वतःला तसाच समजू लागलो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाने माझ्या पोटात तारा जोडल्या, एकाने काचेचा जड पडदा बसवला आणि एका मुलीने माझ्या अंगावर निळ्या लाटांचे चित्र चिकटवले. जेवणाची सुट्टी व्हायची होती, त्यामुळे ते घाईत जरा तिरके चिकटले. ते अजूनही तिरके आहे. आजवर मला कोणी त्यावरून बोलले नाही, पण मला ते खुपते.

माझा खेळ साधा होता. पडद्यावर पाणी, आणि पाण्यात हात वर करून हाका मारणारी माणसे. वरून दगड पडत. ते चुकवत होडी न्यायची, माणसे उचलायची आणि काठावर सोडायची. एवढेच. पण एवढ्यासाठी लोक जेवणखाण विसरत.

बसस्थानकामागे एक लांबट गाळा होता. तिथे आम्ही सहा मशीन ओळीने उभे होतो. आमचे मालक आधी रेडिओ दुरुस्त करत, मग त्यांनी हा गेमचा धंदा काढला. शाळा सुटली की मुलांची झुंबड उडायची. टाय लावलेले एक विमा एजंट रोज ‘एकच डाव’ म्हणून येत आणि तीन गाड्या चुकवून जात. माझे बटण दाबून दाबून गुळगुळीत झाले होते. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला थोडी शिंगे फुटली होती.

रोज दुपारी मालकांची आई त्यांचा डबा घेऊन यायची. तिने तीस वर्षे टेलिफोन ऑफिसात काढली होती. लोकांचे फोन जोडून देण्याचे काम. समोर दिवे लागत, आणि ती एकेकाला उत्तर देई. आता ती निवृत्त झाली होती आणि आमच्यावर तिचा भारी राग होता. “पोरं बिघडवायचे कारखाने आहेत हे,” असे ती आमच्या तोंडावर म्हणायची.

एके दिवशी गाळ्यात कोणी नव्हते. मालक हात धुवायला गेले होते आणि ती माझ्यासमोर उभी राहिली होती.

“अरे, ही माणसं केव्हाची ओरडतायत,” ती म्हणाली. “कोणी घेत का नाही त्यांना?”

हात पुसत परत आलेले मालक हसले. “मग तू घे ना!” असे म्हणत त्यांनी नाणे टाकले.

तिने पिशवी दंडावर सरकवली आणि होडी वळवायचा दांडा धरला. मित्रांनो, माझ्याकडे शेकडो लोक खेळून गेले होते. ते सगळे जवळच्या माणसाकडे आधी जात. तिने मात्र जवळच्याला ओलांडले आणि होडी थेट पलीकडच्या टोकाला नेली.

“आई, जवळचा घे की! तो हाताशी आहे!”

“का म्हणून? त्या पलीकडच्यानं आधी हाक मारली. किती वेळ थांबलाय बघ बिचारा.”

“अगं, हा खेळ आहे.”

“असेना. ज्यानं आधी हाक मारली, त्याला आधी. आमच्याकडे दुसरा नियम नव्हता.”

त्या डावात ती दगडाखाली सापडून लगेच हरली. पण माझ्या पोटात एक गुपित होते, जे त्या गाळ्यात कोणालाच ठाऊक नव्हते. हाकांच्या क्रमाने माणसे उचलली तर माझ्याकडे दुप्पट गुण मिळत. मी ते गुपित वर्षानुवर्षे सांभाळले होते, आणि ते हाती लागले कोणाच्या, तर आम्हाला शिव्या घालणाऱ्या या बाईच्या! तीन आठवडे ती रोज दुपारी एक डाव खेळली. मग एके दिवशी माझ्या गुणांच्या यादीत ती सगळ्यांच्या वर गेली. विमा एजंटसुद्धा खाली!

पहिल्या येणाऱ्याला मी इंग्रजीतली तीन अक्षरे लिहू देत असे.

“माझं नाव काही तीन अक्षरांत बसायचं नाही,” ती म्हणाली. थोडा विचार करून तिने दांडा हलवला आणि लिहिले: ए, ए, आय. “तू हाक मारतोस तेच घातलं.”

आई. माझ्या यादीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत, आई.

पण माझी आठवण विजेवर चालते. विजेचे बटण बंद झाले की सगळी यादी पुसली जाते. त्या दिवशी मालकांनी नेहमीप्रमाणे गाळा बंद करताना मलाही बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी यादी कोरी. मालक खजील झाले. आई हसली. “पुसलं तर पुसलं. परत करीन.” आठवड्याभरात तिने ते परत केलेही. “आता रोज रोज नाही हं करणार,” असे वर बजावले. तेव्हापासून मालकांनी माझे बटण कधी बंद केले नाही. वीज गेली तर मी झोपू नये म्हणून त्यांनी गाडीची जुनी बॅटरी आणून मला जोडली.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र तिचे एक पालुपद होते. मालकांना लहानपणी रेडिओ उघडताना विजेचा जबर झटका बसला होता. तेव्हापासून त्यांच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिसला की ती ओरडायची, “आधी बटण, मग हात!” मालक पन्नाशीला आले तरी ती ओरडायची आणि तेही लगेच बटण बंद करायचे. फक्त मला तेवढे ते चालू ठेवून, रबरी चपला घालून, कोरड्या ब्रशने साफ करत.

मग एका वर्षी आई आजारी पडली आणि गेली.

त्यानंतर ‘परत करीन’ म्हणणारे कोणी उरले नाही. मालकांनी पडदा त्या यादीवरच थांबवला आणि माझा दांडा काढून खणात ठेवला. कोणी खेळू नये, कोणी तिच्या वर जाऊ नये. माझ्या पडद्यावर आता होडी नाही, पाणी नाही, फक्त ती यादी. अकरा वर्षे मी तीच यादी दाखवत उभा राहिलो. दरम्यान मुलांच्या घरी कॉम्प्युटर आले, मग हातात फोन आले. माझी भावंडे एकेक करून विकली गेली. विमा एजंट कधी यायचे थांबले ते मला कळलेही नाही. दुपारी मालक माझ्यासमोर स्टूल घेऊन एकटेच डबा खात आणि वरच्या ओळीकडे बघत. त्यांना सोबत आईची होती. मला कोणाची होती, हे मात्र कोणी विचारले नाही.

एका दुपारी माझ्या पोटातला पंखा घरघरू लागला. मालकांनी माझी पाठ उघडली, ब्रश घेतला, आणि तेवढ्यात फोन वाजला. परगावी राहणारी त्यांची थोरली बहीण होती.

“किती दिवस त्या गाळ्यात एकटा बसणार आहेस?” ती इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आले. “आईसुद्धा रागावली असती. ये इकडे.”

“बघतो ताई,” एवढेच ते म्हणाले. फोन ठेवून, डोळे पुसत ते परत आले. मन अजून फोनवरच होते. हात मात्र पन्नास वर्षांच्या सवयीचा. त्याने आईचे ऐकले. आधी बटण.

खट.

पंखा थांबला तेव्हा त्यांना कळले. त्यांनी झटकन बटण पुन्हा दाबले. मी जिवाच्या आकांताने उजळलो, पण माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. कोरी यादी. मालक स्टुलावर बसले. मग लहान मुलासारखे रडले. त्यांनी मला बंद केले आणि माझ्याकडे न बघता माझ्यावर चादर टाकली.

मित्रांनो, त्या चादरीखाली मी दोन वर्षे होतो. काळोखाचे मला काही वाटले नाही. मला एक गोष्ट सांगायची होती आणि तोंड नव्हते, याचे वाटले. माझ्या काचेच्या आत एक पातळ लेप असतो. त्यावर वर्षानुवर्षे एकच चित्र राहिले तर ते तिथे जळून उमटते. हे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असतेच. मालकांनाही होते. पण ठाऊक असून काय उपयोग? त्यांनी पाहिलेच नाही.

अखेर गाळा रिकामा करायची वेळ आली. ताई आल्या आणि भंगारवाल्याला घेऊन आल्या. मालक बाहेर जाऊन उभे राहिले. भंगारवाल्याने चादर ओढली, माझी काच बाहीने पुसली, मग थुंकी लावून पुसली.

“अहो ताई, यावर काहीतरी लिहिलंय. जातच नाही.”

“काय लिहिलंय?”

“करडं करडं दिसतंय. आकडे आहेत. आणि वर ए... ए... आय.”

मालक इतक्या जोरात आत आले की स्टूल उलटले. “पुसू नका!”

“तेच म्हणतोय, आतून जळलंय ते,” भंगारवाला म्हणाला. “कोणाच्या बापाला पुसता येणार नाही.”

मालकांनी काचेवर तळहात ठेवला. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी भंगारात गेलो नाही.

आता मी ताईंच्या घरी, खिडकीशेजारी उभा आहे. मालकही तिथेच राहतात. पण गंमत बघा. ज्याला कधी बंद करायचे नव्हते, त्याला आता कधी चालू करत नाहीत. पडदा उजळला की ती करडी अक्षरे उजेडात बुडतात, आणि मालकांना ते बघवणार नाही. बंद केले की ती पुन्हा दिसतील, हे त्यांना माहीत आहे. तरीही धीर होत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी खणातून माझा दांडा काढला, माझ्या अंगाला लावून पाहिला आणि परत ठेवून दिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर चादर टाकण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा. आणि कधी ताईंच्या घरी आलात तर मालकांना म्हणा, एक डाव खेळू द्या. माझ्या पोटातली माणसे अजून पाण्यात आहेत. आईचा नियम मालकांना पाठ आहे: ज्याने आधी हाक मारली, त्याला आधी. मी तेरा वर्षांपासून हाक मारतो आहे.