ज्या तोंडानं चोर म्हटलं

मित्रांनो, मी यावोरेक गावचा जुना भोंगा. तळ्याकाठच्या खांबावर गंजत लटकलोय. माझं कौतुक ऐकायला बसला असाल तर उठा. मी माझं पाप सांगणार आहे.

मला खांबावर चढवलं तेव्हा गाव हरखलं होतं. आधी बँडचं गाणं, मग बातमी : कोंबडीची पिल्लं विकायला आलीत, दुपारी पाणी बंद, अमक्याचा वाढदिवस, तमका वारला. बायका पिठाचे हात घेऊन तशाच खिडकीत यायच्या.

मग सरकारनं सगळ्यांची शेतं एकत्र करायला घेतली. गावातल्या वेंदेलिन कुबातनं आपलं शेत द्यायला सही दिली नाही. महिनाभर रोज दुपारी, गाणं संपलं की मी ओरडायचो, "वेंदेलिन कुबात चोर आहे. गावाचं धान्य लपवतो." त्याच्या कोठारात उंदरांपुरतंही नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकानंही खिडकी लावली नाही. गाणं आवडीचं असलं तर पाय ठेका धरायचे.

त्याला ट्रकमधून नेलं. तो तुरुंगातच मेला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला, अनेझ्काला, आईबरोबर गावाबाहेर काढलं.

म्हातारपणी ती परतली, माझ्यासमोरच्या घरात राहिली. ऐंशीव्या वाढदिवसाला कोणतं गाणं लावू, असं विचारायला सरपंच तिच्या खिडकीशी आला.

"गाणं नको. माझा बाप चोर नव्हता, एवढं ह्या भोंग्यातून म्हण."

"आजी, आजच्या दिवशी कशाला जुनं उकरताय? बायकांनी खसखशीचे गोड पाव, कोलाचे, भाजलेत, खा."

"तूच खा. तुझ्या पोटात सगळं मावतं."

गाणं लागलंच. तिनं खिडकी लावून घेतली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मृत्यूची बातमी घरचे लिहून देतील तशीच वाचायची, हा इथला रिवाज. तिच्या घरचं कुणी उरलं नव्हतं. तिनंच कागद लिहून ठेवला होता. कचेरीतल्या रेनाताबाईंनी तो अडखळत वाचला, "अनेझ्का कुबातोवा, वय एक्याऐंशी. वेंदेलिन कुबात यांची मुलगी. ते चोर नव्हते."

सत्तर वर्षांनी माझ्या तोंडून ते निघालं. तळ्यापलीकडच्या घरांतही ऐकू गेलं. फक्त समोरच्या खिडकीत कुणी नव्हतं.

आता बातम्या मोबाइलवर येतात. उद्या मला उतरवणार आहेत. मला तेल नको, रंग नको, मित्रांनो. ज्या तोंडानं कुणाला चोर म्हणालात, त्याच तोंडानं 'नव्हता' म्हणा. आणि ऐकणारं माणूस खिडकीत आहे तोवर म्हणा.