रादिसावच्या रक्तातला आकडा

पिरोतच्या बाजारात रादिसावचं मटणाचं दुकान होतं. माणूस दांडगा, तोंडाचा फटकळ, आणि हात तोंडाच्याही आधी चालायचा. जेवणात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. एकदा ते बायकोच्या, स्तामेनाच्या, कपाळावर गेलं.

हार्ट अटॅक आला तेव्हा इस्पितळात त्याच्या शिरेत स्टेंट बसवला. घरी सोडायच्या दिवशी तरुण डॉक्टरीण समजावायला आली, तर "खाण्यापिण्याचं बायकोला सांगा," म्हणून तो सिगारेट ओढायला निघून गेला.

मग तिने स्तामेनाला सांगितलं. शीर मोकळी झालीय. पण हृदयावर ताण आला की रक्तात एक द्रव्य वाढतं, त्याचा आकडा यांच्यात फारच चढलाय. अशांचं हृदय पुढे थकतं, अंगात पाणी साठतं. मीठ जवळजवळ बंद. रोज सकाळी वजन करायचं, एकदम वाढलं तर लगेच आणायचं.

"कळलं ना, काकू?"

"कळलं," स्तामेना म्हणाली.

वाटेत त्याने विचारलं, ती काय बडबडत होती. शीर मोकळी झाली म्हणाली, एवढंच तिने सांगितलं.

त्या हिवाळ्यात तिने त्याला कशालाच नाही म्हटलं नाही. खारवलेला कोबी, धुरी दिलेलं मांस, खारं चीज. मागेल ते, मागेल तितकं. आजारपणाने दोघांचं जमलं, असं शेजारणी म्हणायच्या. त्याचे पाय सुजले, बूट चढेनात. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तो खुर्चीतच झोपू लागला.

"मला काय होतंय गं?"

"वय झालं," ती म्हणाली, आणि वाढत राहिली.

शेवटी दुकानातल्या गिऱ्हाइकांनीच त्याला उचलून इस्पितळात नेलं. तीच डॉक्टरीण होती. वजन कधीपासून वाढतंय, तिने विचारलं.

"कसलं वजन?" रादिसाव धापा टाकत म्हणाला.

डॉक्टरीण स्तामेनाकडे बघत राहिली. मग तोही बघू लागला.

"तुला माहीत होतं."

"तू सिगारेट ओढायला गेला होतास," स्तामेना म्हणाली.

तो वाचला, पण अंगणापर्यंत जाताना दम लागतो. बहिणीला निरोप धाडला, मला तुझ्याकडे ने. तिने साफ नकार दिला. आता स्तामेना अगदी अळणी रांधते, पण त्याचा विश्वास बसत नाही. आधी तू खा, म्हणतो. ती त्याचं ताट ओढून घेते, समोर बसते आणि सावकाश खाते. कधी अर्धं, कधी सगळं.