तिसरी प्रत

सत्यशीलाबाईंनी आधी भिंतीतला प्लग ओढला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की काळी हार्डडिस्क अजून कॉम्प्युटरला जोडलेलीच होती. तीही त्यांनी उपटली. हाताला गरम लागली. एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाई, त्यांनी कितीतरी तापलेली अंगं हाताळली होती. पण ही त्यांनी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरल्या. पडदा काळा होण्याआधी त्यावर लाल चौकट आली होती आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, की तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा.

बाईंना फसवणं सोपं नव्हतं. लॉटरी लागली, सिमकार्ड बंद होणार, असल्या मेसेजना त्या भीक घालत नसत. पण हा मेल आला नोव्हेंबरात, आणि विषय होता हयातीचा दाखला. तुमचा दाखला मिळालेला नाही, सबब पेन्शन थांबवण्यात येत आहे, सोबतचा फॉर्म उघडून भरावा. बँकेत जाऊन अंगठा देऊन बाईंना आठ दिवसही झाले नव्हते. तरी त्यांना वाटलं, झाली असेल चूक. आपण जिवंत आहोत हे कुणीतरी लिहायचं विसरलं असेल. एकट्या राहणाऱ्या माणसाला ही शंका लवकर पटते. कॉम्प्युटरने विचारलं, याला बदल करू द्यायचे का? बाईंनी 'होय' दाबलं. कोपऱ्यात अँटिव्हायरसची पिवळी चिठ्ठी आली, तिला त्यांनी नंतर बघते म्हणून बाजूला सारलं. गुरुवार होता, डिस्कवर प्रत उतरवण्याचं काम चालू होतं. त्यामुळे घरातल्या दोन्ही प्रती एकाच वेळी गेल्या.

कॉम्प्युटर मूळ अमृत गुरुजींचा. गुरुजी म्हणजे बाईंचे मिस्टर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं शेत बघतात, नाहीतर राजकारण. गुरुजींनी एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि प्रवरेच्या काठची गावं पालथी घातली. छप्पन साली धम्मदीक्षा झाली तेव्हा ज्या पोरी होत्या, त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. गुरुजी त्यांच्यापुढे बसायचे आणि विचारायचे, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव सांगा. त्या दिवशी सकाळी घरात काय खाल्लं होतं? विचारून थांबायचे. म्हातारी पदर सारखा करायची, खाकरायची, आठवायची, गुरुजी थांबलेलेच. त्या रेकॉर्डिंगमध्ये बोलणं जेवढं, तेवढंच हे थांबणं होतं.

अशा त्रेचाळीस बायका. त्यातल्या चौघी आज हयात होत्या. गुरुजींना जाऊनही तीन वर्षं झाली.

चव्वेचाळिसावी फाईल सत्यशीलाबाईंची. एकोणीस सेकंदांची. त्यात गुरुजी म्हणतात, "सत्यशीला, तुझं पूर्ण नाव सांग." मग थांबतात. मग बाईंचा आवाज येतो, "अहो, मला लसीकरणाचं सत्र हाय आज. नंतर सांगते." आणि दार लागल्याचा आवाज. नंतर म्हणजे कधी, ते दोघांनीही ठरवलं नाही. आपला माणूस घरातच असतो, घाई कसली, असं दोघांनाही वाटत राहिलं.

गुरुजी गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मुलगा, सम्राट, पुण्याहून आला तेव्हा दोन दिवस कॉम्प्युटरपाशी बसला आणि आईला नियम घालून देऊन गेला. ओळख नसलेली फाईल उघडायची नाही, अपडेट टाळायचे नाहीत, काम झालं की डिस्क लगेच काढून ठेवायची, आणि एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावात ठेवायची. बाईंना यातलं काही अवघड गेलं नाही. लस वेळेवर द्यायची, सुई दुसऱ्यांदा वापरायची नाही, डबा उघडा ठेवायचा नाही, हेच तर आयुष्यभर केलं होतं. डिस्क त्या खात्याने मोडीत काढलेल्या लसीच्या निळ्या डब्यात ठेवायच्या. आणि घराबाहेरची प्रत दर पौर्णिमेला कोल्हारला बनुबाईकडे जायची. बनुबाई म्हणजे त्रेचाळिसांतल्या चांगुणाबाईंची लेक. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. ती आपली आईच्या लुगड्याखाली, पत्र्याच्या पेटीत ती डिस्क ठेवायची.

संध्याकाळी दुरुस्तीच्या दुकानातला योगेश आला. त्याने वायर लावून पाहिली आणि म्हणाला, "सिस्टर, हे आपल्याच्यानं उघडणार न्हाई. पैसे भरू नका. भरून बी खात्री नसते. समदं पुसून नवीन टाकतो. कुलूप लागलेल्या फायली एका डिस्कवर तशाच राहू द्या. कधीमधी किल्ली सापडती."

"कधी?" बाईंनी विचारलं.

योगेशने वायर गुंडाळायला घेतली.

सम्राटचा फोन आला. तो चिडला नाही, याचं बाईंना जास्त वाईट वाटलं. कोल्हारची प्रत आहे ना, मग चिंता नको, असं त्याने दोनदा सांगितलं. मीटिंग होती, त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई राहुरी फॅक्टरीवरून एसटीने कोल्हारला निघाल्या. रस्त्यावर उसाच्या गाड्या. एसटी त्यांच्या मागे रांगत चालली होती. बाईंचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. पेटीला मुंग्या लागल्या असतील तर? बनुबाईने घर सारवताना पेटी उन्हात ठेवली असेल तर? गुरुजींचा आवाज आता जगात फक्त एका पत्र्याच्या पेटीत उरला होता, आणि ती पेटी दुसऱ्याच्या घरात.

बनुबाईने ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "म्हंजी माझ्या आईचा आवाज गेला व्हय, ताई?"

"न्हाई. माझ्या मोबाईलातला तुकडा अन् तुझ्या पेटीत हाय तेवढाच राहिलाय."

बनुबाई उठली. लुगडं बाजूला करून तिने डिस्क काढली, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली. ती पदराने पुसून बाईंच्या हातात दिली. मग चहा ठेवता ठेवता, पाठ वळवूनच म्हणाली, "अन् ताई, तुमचं बोलनं हाय का ह्यात? गुर्जींनी समद्यांचं घेतलं, तुमचं बी घेतलं असंल की."

"माझं काय असनार," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

पण होतं. ह्यात ते एकोणीस सेकंद सोडले तर नव्हतं, एवढंच. मे महिन्यापासून बाई दर आठवड्याला ती एकोणीस सेकंदांची फाईल लावायच्या, गुरुजींचा प्रश्न ऐकायच्या आणि हेडफोन लावून उत्तर रेकॉर्ड करायच्या. नाव सांगितलं. गाव सांगितलं. पहिलं बाळंतपण बॅटरीच्या उजेडात केलं ते सांगितलं. ज्या घरातली सून ह्याच हातांनी वाचवली, त्याच घराने निघताना पाणी वरून ओंजळीत ओतलं, हे चाळीस वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. त्रेचाळीस बायकांना विचारलंत आणि घरच्या बाईचा नंबर चव्वेचाळिसावा लावलात, म्हणून भांडूनही घेतलं. आणि एका दिवशी नुसतंच म्हटलं, तुमच्यावाचून लई अवघड जातंय हो. अशा सव्वीस फायली. त्यांचं वेगळं फोल्डर केलं होतं. कोल्हारच्या डिस्कवर सगळं उतरवताना बाई दर वेळी तेवढं फोल्डर वगळायच्या. नवऱ्याशी बोललेलं दुसऱ्याच्या पेटीत कशाला ठेवायचं, कुणी ऐकलं तर काय म्हणेल, अशी लाज. बनुबाईला तर डिस्क लावायची कुठे हेही माहीत नव्हतं. पण लाजेला एवढा हिशेब कुठे कळतो!

चहा झाल्यावर बाईंनी आपल्या मोबाईलवर ठेवलेला चांगुणाबाईंचा दोन मिनिटांचा तुकडा लावला. हे दर पौर्णिमेला असायचं. चांगुणाबाई सांगत होत्या, त्या दिवशी सकाळी शिळी भाकर अन् मिरचीचा ठेचा खाल्ला हुता. बनुबाईने मोबाईल दोन्ही हातांत धरून ऐकलं. बाई तिच्याकडे बघत होत्या. आपला तुकडा असा हातात धरून कोण ऐकणार, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो एसटीतही त्यांच्या शेजारी बसून घरापर्यंत आला.

शनिवारी दुपारी योगेशने सगळं पुन्हा चढवलं. एकेक फाईल उघडून दाखवली. त्रेचाळीस बायका जागच्या जागी होत्या, चव्वेचाळिसावी फाईलही. कुलूप लागलेल्या फायलींची डिस्क त्याने वेगळी काढून दिली. बाईंनी तिच्यावर चिकटपट्टी लावली, तारीख घातली आणि लसीच्या निळ्या डब्यात तळाशी ठेवली. त्या सव्वीस फायली तिथेच होत्या, शेपटाला भलतीच अक्षरं लागलेल्या. मुक्या.

सम्राटचा फोन आला. "आलं ना सगळं परत? काही गेलं नाही ना, आई?"

बाईंनी क्षणभर डब्याकडे पाहिलं. सांगावं असं फार वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय होतं ते सांगावं लागलं असतं, आणि तिकडे मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"न्हाई रे. काही गेलं न्हाई."

फोन ठेवून त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज मिटेपर्यंत थांबल्या. मग हेडफोन लावला आणि एकोणीस सेकंदांची फाईल सुरू केली.

"सत्यशीला, तुझं पूर्ण नाव सांग," गुरुजी म्हणाले.

आपला जुना आवाज यायच्या आत बाईंनी फाईल थांबवली. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. कोल्हारला जायची डिस्क समोर तयारच ठेवली होती. या वेळी काही वगळायचं नव्हतं.

"सत्यशीला अमृत साळवे," त्या म्हणाल्या. घसा खाकरून पुन्हा एकदा, नीट म्हणाल्या. "राहणार देवळाली प्रवरा. आज सकाळी उपमा केला हुता. जास्त झाला."

मग त्या गप्प राहिल्या. पुढचा प्रश्न विचारायला गुरुजींना जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ बटण चालूच ठेवून थांबल्या.