एकवीस दिवसांचा नियम

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर प्रल्हाद वऱ्हाडपांडे आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून गाडीकडे निघाला आणि पार्किंगमध्येच कोसळला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. त्याच दुपारी त्याला ब्युमॉन्टच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय मात्र गेला आणि बोलणं गेलं. वय सत्तेचाळीस.

हेमचंद्रला हे कळलं तेव्हा तो स्वोर्ड्सच्या घरी कपडे वाळत घालत होता. प्रल्हादची आणि त्याची ओळख नऊ वर्षांपूर्वीची. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हेमचंद्र टेबलावर पडला होता, आयर्लंडला येऊन जेमतेम चार महिने झालेले, आणि तोंडावर मास्क धरणारा भूलतज्ज्ञ अचानक म्हणाला, "शंभरपासून उलटं मोज. मराठीत मोज ना बे, लाजून काय राहिला?" हेमचंद्र सत्त्याण्णवपर्यंत पोचला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली चौकशी त्या डॉक्टरची केली.

प्रल्हादने दोन वर्षं अमेरिकेत काढली होती आणि तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आला होता. त्यानेच 'दांडू लीग' सुरू केली. दहा जण. आठ मराठी, दोघे प्रल्हादच्या हॉस्पिटलातले आयरिश. खेळ फोनवरचा. अमेरिकेत खरे खेळाडू खरे सामने खेळतात. आपण त्यांच्यातले पंधरा निवडून आपली टीम करायची. आपला माणूस तिथे चांगला खेळला की इथे आपल्याला गुण. पैशाबियशाचा संबंध नाही. दर आठवड्याला एकाची टीम दुसऱ्याच्या टीमशी भिडते. कोणी जखमी झाला, कोणाचा खेळ घसरला की त्याला सोडायचं आणि मोकळ्यांतून दुसरा उचलायचा. सोडलेला खेळाडू दोन दिवस अधांतरी राहतो, त्याला 'वेव्हर'वर असणं म्हणतात. त्या दोन दिवसांत ज्याची टीम सर्वांत खाली, त्याचा हक्क पहिला.

अमेरिकन नावं लक्षात राहत नाहीत म्हणून प्रल्हादने आपल्या खेळाडूंना नागपुरी नावं ठेवली होती. एक लांबलचक पिचर होता, त्याचा चेंडू दिसायचाच नाही. तो 'सावजी'. जाडा फटकेबाज तो 'तर्री'. लीगमध्ये सगळे तीच नावं वापरायचे.

नियमही प्रल्हादनेच लिहिले होते. कमिशनर म्हणून हेमचंद्रला नेमलं होतं ते फक्त राबवायला. पहिला नियम, एका माणसाने एकच टीम चालवायची. शेवटचा, अकरावा नियम, सलग एकवीस दिवस एकही बदल केला नाही तर टीम बरखास्त आणि तिचे सगळे खेळाडू वेव्हरवर.

हा अकरावा नियम एकदाच लागला होता. दोन वर्षांपूर्वी लीगमधल्या रोहितचे वडील सांगलीला आयसीयूमध्ये होते, तो तिकडे गेला, लीग त्याच्या डोक्यातही नव्हती. बाविसाव्या दिवशी प्रल्हादने हेमचंद्रला फोन केला. "काढ त्याची टीम. नियम सगळ्यांले सारखाच पाहिजे." रोहित वडिलांचं सगळं आटोपून परतला. पुढच्या वर्षी पुन्हा लीगमध्ये आला.

आता प्रल्हादचे विसाव्या दिवसापर्यंत काहीच बदल नव्हते.

त्या दिवशी शनिवार होता. हेमचंद्र ब्युमॉन्टला गेला. प्रल्हाद उशांना टेकून बसला होता. डोक्याच्या अर्ध्या भागावर नुकते उगवलेले केस. त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, "बरोबर". पण तो इतक्या निरनिराळ्या सुरांत म्हणायचा की बोलल्यासारखंच वाटायचं. पाणी हवं असलं तरी बरोबर, उशी नको असली तरी बरोबर.

हेमचंद्रने त्याचा फोन त्याच्या डाव्या हातात दिला आणि लीगचं पान उघडलं.

"हा बघ, तुझा तिसऱ्या बेसवाला. खांदा निखळलाय. ह्याला काढून हा नवा घेऊ?"

"बरोबर," प्रल्हाद म्हणाला.

"मग दाब इथे."

हेमचंद्रने त्याचा अंगठा धरून जागेवर नेला. प्रल्हादने दाबलं. स्क्रीन हिरवी झाली, बदल नोंदला गेला. प्रल्हाद हसला, फक्त डाव्या गालाने. हेमचंद्रला इतका आनंद झाला की खाली कॅन्टीनमध्ये जाऊन तो दहा मिनिटं नुसता बसून राहिला.

पुढच्या शनिवारी तो तयारी करून गेला. कागदावर चार खेळाडूंची नावं मोठ्या अक्षरांत लिहून नेली.

"सावजीचा हात दुखतोय म्हणे. सोडू त्याला?"

"बरोबर, बरोबर."

हेमचंद्र थबकला. सावजीला प्रल्हाद कधीच सोडणार नव्हता.

"की ठेवू?"

"बरोबर."

"प्रल्हाद, माझं नाव काय?"

प्रल्हादने त्याच्याकडे प्रेमाने बघितलं आणि तितक्याच ठामपणे म्हणाला, "बरोबर."

हेमचंद्रने कागद घडी करून खिशात घातला.

तिथेच थांबायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने प्रल्हादच्या नावाने लॉगिन केलं. पासवर्ड त्याला माहीत होता, दोघांनी मिळूनच तो ठरवला होता. त्याने सावजीला जखमींच्या यादीत ठेवलं, एका नव्या पोराला उचललं. स्वतःशी म्हणाला, टीम नुसती जिवंत ठेवायची, एवढंच. तीन आठवड्यांतून एक बदल पुरेसा होता. तो आठवड्याला तीन करू लागला. स्वतःच्या टीमपेक्षा त्याचं लक्ष तिच्यावर जास्त. प्रल्हादने काय केलं असतं याचा विचार करत तो आकडे चाळायचा आणि त्या अर्ध्या तासात त्याला वाटायचं की आपण त्याच्याशी बोलतोय. मे संपता संपता प्रल्हादची टीम आठव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आली.

जूनमध्ये तिची गाठ रोहितच्या टीमशी पडली आणि रोहित सपाटून हरला. त्याने ग्रुपवर लिहिलं, "डॉक्टर परत आले! हरून इतका आनंद कधी झाला नव्हता." खाली सात जणांचे बदाम. एका आयरिशाने लिहिलं की युअर मॅन इज फ्लाइंग, म्हणजे गडी सुसाट सुटलाय. हेमचंद्रने तो मेसेज चार वेळा वाचला. खरं काय ते लिहायला सुरुवात केली, पुसलं, आणि शेवटी त्यानेही एक बदाम टाकला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी हेमचंद्र वॉर्डात पोचला तेव्हा प्रल्हादची बायको उल्कावहिनी आणि मुलगी रेवा आधीच आल्या होत्या. उल्का ड्रोहेडाहून रोज नोकरी आटोपून गाडी हाकत यायची. दोन महिन्यांत तिचे केस कानांवर पांढरे झाले होते, ते रंगवायचं तिने सोडून दिलं होतं. रेवा चौदा वर्षांची, खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसली होती. तेवढ्यात दारात रोहित आला. हातात केकचा खोका.

"डॉक्टर! काय धुतलंत हो मला!" तो थेट पलंगाशी गेला. "बुधवारी त्या नव्या पोराला आत घेतलंत ना, मानलं तुम्हाला. मला सुचलं नसतं."

"बरोबर," प्रल्हाद म्हणाला.

"बघितलंत?" उल्का हेमचंद्रकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. "मी सांगते ना, ह्यांना सगळं समजतं. ती स्पीच थेरपिस्ट म्हणते की भाषा पोचतच नाही. मग हे कसं? संध्याकाळी मी येते तेव्हा ह्यांच्या फोनवर मेसेज आलेले असतात, बदल झाला, बदल झाला. आठवड्याला तीन-तीन. आम्ही कोणी नसताना करतात. एकट्याने."

"ही वोन्ट डू इट इफ वी'अर वॉचिंग," रेवा म्हणाली. "ही'ज शाय. बट ही'ज ग्रँड, लाइक." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक.

उल्काने पर्समधून वही काढली. दोन पानं भरली होती. तारीख, वेळ, कोणाला काढलं, कोणाला घेतलं. रेवाच्या अक्षरात इंग्रजीत, बाजूला उल्काच्या अक्षरात काय समजून केलं असेल त्याचा एकेक मराठी शब्द.

"उद्या इथल्या डॉक्टरांच्या टीमबरोबर मीटिंग आहे," ती म्हणाली. "ते रिहॅबच्या जागेसाठी नाव पुढे पाठवायला तयार नाहीत. म्हणतात, सूचना समजत नाहीत तर उपयोग होणार नाही, नर्सिंग होम बघा. मी त्यांच्यापुढे हे ठेवणार आहे. सूचना समजत नाहीत म्हणे! अख्खी टीम चालवतोय माणूस."

रोहित मनापासून मान डोलवत होता. प्रल्हादने केकच्या खोक्याची रिबीन डाव्या हातात धरली होती आणि ती बोटाभोवती गुंडाळायचा प्रयत्न करत होता.

"वहिनी," हेमचंद्र म्हणाला, "जरा बाहेर येता का?"

कॉरिडॉरमध्ये भिंतीवरच्या सॅनिटायझरच्या बाटलीशी दोघं उभी राहिली. रोहितही मागोमाग आला. त्याला थांबवण्याचं बळ हेमचंद्रकडे नव्हतं.

"ते बदल मी केलेत," तो म्हणाला.

उल्काला समजलं नाही. "म्हणजे? तुम्ही त्यांना दाखवता, ते ठरवतात."

"नाही. मी ऑफिसातून करतो. त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. मेसेज त्याच्या फोनवर येतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"बुधवारचा?"

"मी."

"त्याच्या आधीचा, शुक्रवारचा? सावजीला परत आणला तो?"

"मीच, वहिनी."

तिने वही उघडली. बोट वरून खाली नेत ती एकेक तारीख विचारत गेली आणि तो प्रत्येक तारखेला मी म्हणत गेला. एक ट्रॉलीवाला मध्येच आला, तिघं भिंतीला चिकटली, तो गेला, आणि ती पुढच्या तारखेवर आली.

"एकही नाही?" शेवटी तिने विचारलं.

"पहिला. पहिल्यांदा बटण त्याने दाबलं होतं."

"स्वतःहून?"

"अंगठा मी धरला होता."

उल्काने वही मिटली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "थेरपिस्टला मी खोटं पाडत होते," ती म्हणाली. "आईला नागपूरला रोज फोन करून सांगत होते की आज त्यांनी हे केलं, आज ते केलं. ती देवापुढे साखर ठेवते रोज." मग एकदम, "रेवाला मी सांगेन. तुम्ही नका सांगू. तुम्ही आता आत येऊ नका."

ती आत गेली. दार लोटलं गेलं.

रोहित लिफ्टपर्यंत बरोबर आला. "दादा, टीम जाऊ द्यायची होती ना," तो म्हणाला. "माझी गेली होती. काय झालं? काहीच झालं नाही."

"मला वाटलं, टीम गेली की तो गेला."

"गेलेच आहेत ते," रोहित म्हणाला आणि लगेच त्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. "म्हणजे, तसं नाही. सॉरी." त्याने लिफ्टचं बटण दोनदा दाबलं.

सोमवारी काय झालं ते हेमचंद्रला रोहितकडून कळलं. उल्काने वही नेलीच नव्हती. मीटिंग वीस मिनिटांत आटोपली. ड्रोहेडाच्या अलीकडे एका नर्सिंग होममध्ये खोली मिळाली. वही नेली असती तर काही फरक पडला असता का, हे हेमचंद्र बरेच दिवस मनात घोळवत राहिला. डॉक्टरांनी प्रल्हादपुढे दोन कागद धरले असते, हा की तो विचारलं असतं, आणि दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. हे त्याला कळत होतं. त्याने हलकं वाटत नव्हतं.

त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. पहिला नियम मोडला होता आणि अकराव्या नियमाचे एकवीस दिवस केव्हाच उलटून गेले होते. टीम बरखास्त करण्याचं काम कमिशनरचं. त्या ॲपमध्ये सगळी टीम एकदम सोडायची सोय नाही. प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर वजाबाकीचं लाल चिन्ह, ते दाबलं की ॲप विचारतं, नक्की ना? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सूप गार होत असताना, हेमचंद्रने पंधरा वेळा हो म्हटलं. तर्री गेला. सावजी गेला. शेवटी नुसतं नाव उरलं, 'वऱ्हाडी वाघ', आणि खाली रिकाम्या चौकटी. ब्युमॉन्टमध्ये पलंगाशेजारी तो फोन पंधरा वेळा वाजला असणार, हे त्याला सगळं झाल्यावर सुचलं.

दोन दिवसांनी सकाळी आठ वाजता वेव्हरचा निकाल लागला. सावजी रोहितला मिळाला, त्याची टीम तळाला होती म्हणून. बाकीचे इकडेतिकडे वाटले गेले. हेमचंद्रने कोणालाच मागितलं नाही. महिनाअखेरीस त्याने कमिशनरपद सोडलं. ते घ्यायला कोणी पुढे आलं नाही आणि ऑगस्टपर्यंत निम्म्या टीम नुसत्याच पडून राहिल्या. नियम लावायलाही कोणी नव्हतं.

ऑगस्टमध्येच उल्काचा मेसेज आला. शनिवार-रविवारी रेवा असते, तिला तुम्ही समोर नको आहात. यायचं तर मधल्या वारी या.

हेमचंद्रने एका मंगळवारी अर्धी रजा टाकली. नर्सिंग होम बैठं, स्वच्छ, बाहेर हायड्रेंजियाची झुडपं. प्रल्हाद खुर्चीत झोपला होता, मान एका बाजूला, छातीवर टॉवेल. भिंतीवर रेवाने चिकटवलेले फोटो, त्यांत खाली नावं लिहिलेली. उल्का. रेवा. आई. हेमचंद्र खुर्ची ओढून बसला. त्याने हाक मारली नाही. पाऊण तासाने एक केरळी नर्स गोळ्या घेऊन आली. भाऊ का, तिने इंग्रजीत विचारलं. नाही, तो म्हणाला, ओळखीचा. उठवू का, तिने विचारलं. तो नको म्हणाला. दारापाशी भेटायला येणाऱ्यांची वही होती, तिच्यात त्याने निघायची वेळ लिहिली आणि स्वोर्ड्सची बस गाठायला चालू लागला.