पुसलेली अष्टमी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि आता फार दमलो आहे. माझा आतला पट्टा सैल झाला आहे, त्यामुळे माझ्यातून बोलणारा माणूस जांभई देत बोलतो आहे असे वाटते. नवे सेल घातले तरी तासाभरात मी मान टाकतो. तरी आज थोडा वेळ तुमच्याशी बोलणार आहे. जन्मभर दुसऱ्यांचे ऐकले, एकदा स्वतःचे सांगावे म्हणतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती मस्कतहून निघालेल्या एका बॅगेतली. दोन घोंगड्या आणि अत्तराच्या बाटल्या यांच्यामध्ये मी दडपलेला होतो. फुजैल नावाच्या तरुणाने मला रत्नागिरीला आणले आणि शेजारच्या दत्तात्रेय मास्तरांना दिले. मास्तरांची मुलगी मनस्विनी त्याच आठवड्यात एका दैनिकाच्या रत्नागिरी कार्यालयात बातमीदार म्हणून लागली होती. मास्तरांना ती अण्णा म्हणे. अण्णांनी मला तिच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "मनू, कानावर विश्वास ठेवू नकोस. याच्यावर ठेव."

मग आमची वणवण सुरू झाली. मंडणगडच्या वळणांवर एसटीच्या हादऱ्यांनी माझे झाकण दोनदा निखळले. खेडला जगबुडी नदीचे पाणी बाजारात शिरले तेव्हा मी तिच्या डोक्यावरच्या पिशवीत बसून व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी टिपली. पुढाऱ्यांची भाषणे तर इतकी गिळली की अजून पचलेली नाहीत. कार्यालयात मला 'मनस्विनीचा तिसरा कान' म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता.

आमच्या धंद्याची एक रीत मात्र तुम्हाला सांगायला हवी. कॅसेटी मोजक्याच असत. बातमी छापून आली की तीच कॅसेट पुन्हा घालायची आणि जुन्या बोलण्यावर नवे बोलणे भरायचे. सकाळी शेतकरी बोलला, त्याच्यावर दुपारी मंत्री बसला. यात कुणाला काही गैर वाटत नसे, मलाही नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला बरे वाटत नाही. भाट्याच्या खाडीकाठच्या एका गोदामातून डिझेलची पिंपे चोरीला गेली. पोलीस ठाण्यातून चिठ्ठी आली की भर दुपारी बारा वाजता सुलेमान तांडेलाने ती होडीतून पळवली. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी समुद्रात जातात. मनस्विनी राजिवड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, त्याच्याकडे गेली. त्याने मला जवळ ओढले आणि माझ्यात तोंड घालूनच बोलला, "मॅडम, अष्टमी होती. अष्टमीला दुपारी बाराला खाडीत पाणी कुठं हाय? होडी चिखलात बसलेली असते. मी काय पिंपा डोक्यावर घेऊन चाललो?"

मी शब्द न् शब्द टिपला. पण कार्यालयात परतलो तेव्हा पाच वाजले होते आणि पान सहाला सुटायचे होते. मला मागे फिरवून ऐकायचे तर अर्धा तास जाणार. चिठ्ठी समोर तयार होती. मनस्विनीने चिठ्ठीवरून बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी ती सुलेमानच्या नावानिशी, चार कॉलमांत छापून आली.

पिंपे चौथ्या दिवशी हातखंब्याला एका शेडमध्ये सापडली. चोर दुसरेच निघाले. सुलेमान आळातून सुटला. आमच्या दैनिकाने पाचव्या पानावर तीन ओळींचा खुलासा छापला, तोही वधू-वरांच्या जाहिरातींखाली. तोवर होडीच्या मालकाने सुलेमानला तांडेलकीवरून काढून टाकले होते. तो जेटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागला. मनस्विनी पुढे कितीदा तरी राजिवड्यात गेली, पण जेटीकडचा रस्ता तिने टाळला. त्याचे बोलणे असलेली कॅसेट रीतीप्रमाणे पुन्हा माझ्यात आली आणि तिच्यावर कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाचे भाषण भरले गेले. पुसणारा मीच होतो, मित्रांनो. मला ते आजही लागते.

वर्षे गेली. मोबाइल आले आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. मग दैनिकानेच रत्नागिरीतला गाशा गुंडाळला. सत्तेचाळीस वर्षांची मनस्विनी एक खोका घेऊन घरी आली. त्या खोक्यात मी होतो.

महिनाभर ती नुसती बसून होती. मग एके दिवशी तिने माझ्यावरची धूळ पुसली, सेल घातले आणि पडवीत येरझाऱ्या घालत मला एक खुनाची गोष्ट सांगू लागली. तिला रहस्यकथा लिहायच्या होत्या. अण्णांनी विचारले, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "अण्णा, वीस वर्षं काय घडलं तेवढंच लिहिलं. कोणी केलं हे दुसऱ्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आता ते मला स्वतः शोधायचंय."

पहिली कादंबरी तीन प्रकाशकांकडून साभार परत आली. एकाने कळवले की गुन्हेगार चाळिसाव्या पानावर ओळखू येतो. अण्णा म्हणाले, "मला विसाव्यालाच कळला होता, पण तुझा उत्साह बघून बोललो नाही." ती हसली, आणि मग दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही.

दुसरी कादंबरी तिने दोन वर्षे लिहिली. ती खाडीची होती. रावजी नावाच्या तांडेलावर चोरीचा आळ येतो आणि शेवटी खाडीची सुकती, म्हणजे ओहोटी, त्याला सोडवते. पुण्याच्या एका प्रकाशकाने ती घेतली. छपाईआधी तपासायची पाने घरी आली तेव्हा मनस्विनीने ती अण्णांपुढे ठेवली. पन्नाशी जवळ आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शाळकरी मुलीची धाकधूक पाहिली.

अण्णा शेवटच्या प्रकरणापाशी थांबले. "चोरीची तिथी चतुर्थी कशावरून घातलीस?"

"सुलेमान तांडेल तसंच म्हणाला होता. मला आठवतंय."

"आठवतंय, की टेपवर आहे?"

तिने सगळ्या कॅसेटी काढल्या. एकामागून एक माझ्यात घातल्या. सगळीकडे भाषणे, टाळ्या, हारतुरे. 'सुलेमान' असे लिहून खोडलेली कॅसेट सापडली, तिच्यातही पुलाचे उद्घाटन होते. तिने मला बंद केले आणि मोबाइल उचलला. भरतीची वेळ हल्ली कुणालाही मोबाइलवर मिळते. अण्णा शांतपणे म्हणाले, "ते कोष्टक सांगेल गो. पण हे कुणाला विचारायला हवं, ते तुला ठाऊक आहे."

तिने मोबाइल खाली ठेवला. मग तिने मला पिशवीत टाकले, कोरी कॅसेट घेतली आणि आम्ही राजिवड्यात गेलो.

दार सुलेमानच्या मुलीने, नसीमाने उघडले. तिने मनस्विनीला ओळखले आणि ती बाजूला झाली. आत सुलेमान खाटेवर बसला होता. सत्तरी उलटली होती, बोटे जाळ्यांनी वाकडी झाली होती. मनस्विनी उभ्यानेच बोलली. "चाचा, मी तेव्हा तुमचं ऐकलं नाही. टेप न ऐकताच छापलं. माझं चुकलं. अठरा वर्षं हे सांगायला आले नाही, तेही चुकलं."

सुलेमान म्हणाला, "बस गो बाय. कशाला आलीस ते सांग."

तिने शेवटचे प्रकरण वाचून दाखवले. तो डोळे मिटून ऐकत होता. चतुर्थीपाशी त्याने हात वर केला.

"थांब. तिथीची पाऊणपट कर. जितकी येईल तितक्या वाजता भरती. चवथीची पाऊणपट किती?"

"तीन."

"म्हणजे तीनला पूर्ण भरती. बाराला पाणी चढतंय. तुझा रावजी होडी घेऊन आरामात जाईल, पिंपा घेऊन परत पण येईल. बाय, तू त्याला सोडवलं नाय. चोर तोच, असं सिद्ध केलंस."

मनस्विनीने पानावरची चतुर्थी खोडली. दुसऱ्यांदा तेच झाले असते. या वेळी तर पुठ्ठ्याच्या बांधणीत.

"आता अष्टमीची कर," तो म्हणाला. "आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, मग बाराला खाडी कोरडी. हेच मी बोललो व्हतो."

"चाचा, हे परत एकदा बोलाल? यात?" तिने मला पुढे केले. तो पुन्हा बोलला, तेच शब्द, फक्त आवाज म्हातारा. तिने मला मागे फिरवले आणि तिथेच, त्याच्यासमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. माझ्या सैल पट्ट्याने मला साथ दिली, हे माझे नशीब.

आम्ही निघालो तेव्हा सुलेमानने विचारले, "रावजी कोण?"

"कोणी नाही. नाव बदललंय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"पेपरात नाव माझं घातलंस," तो म्हणाला, "आणि सुटताना दुसऱ्याचं घालतेस?"

मनस्विनी रडली. मी तिला पुरात रडताना पाहिले नव्हते, नोकरी गेली तेव्हाही नाही.

गेल्या हिवाळ्यात पुस्तक निघाले. त्यात तिथी अष्टमी आहे आणि तांडेलाचे नाव सुलेमान आहे. नसीमाने अब्बांना सगळे पुस्तक वाचून दाखवले. पुस्तक बरे खपते असे ऐकतो. सुलेमानला तांडेलकी काही परत मिळाली नाही. पुस्तकाने तेवढे होत नाही, आणि झाले असते तरी त्याच्या हातात आता सुकाणू धरण्याची ताकद राहिलेली नाही.

राजिवड्याहून परत आलो त्या दिवशी मनस्विनीने त्या कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या सुरीच्या टोकाने मोडून टाकल्या होत्या. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. ती आत असली की माझे रेकॉर्डचे बटण दाबले तरी खाली जात नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच काही पुसायला नकार देऊ शकलो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरले आहेत, भंगारवाला आला तर द्या मला. बाकीच्या कॅसेटी घ्या, त्यांच्यावर गाणी भरा, नाहीतर फिती ओढून शेतातल्या बुजगावण्याला बांधा. पण ती एक कॅसेट सापडली तर राहू द्या. तिच्यात एक माणूस बोलतो आहे, आणि या वेळी त्याचे बोलणे पुरे ऐकून घेतलेले आहे.