पूर्वेकडे पाहणारी ओळ

मी एक जुनं सूर्यफूल आहे. हसू नका मित्रांनो, आमच्यात ऐंशी दिवस म्हणजे म्हातारपणच. आटपाडीच्या माळावर, रस्त्यालगतच्या पहिल्या ओळीत मी उभं आहे. या शेताच्या मालकीण हरणाबाई गेल्या, त्याआधी त्यांनी मूठभर बी राखेत घोळून मडक्यात ठेवलं होतं. त्यांच्या मुलीने, स्वप्नालीने, ते यंदा पेरलं. त्यातून आमची ही एकच ओळ उगवली. मागचं शेत दुकानातल्या बियाण्याचं.

लहानपणी मी दिवसभर सूर्यामागे वळत असे. दिवसा खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढे, म्हणून शेंडा पश्चिमेला, रस्त्याकडे कले. रात्री पश्चिमेची बाजू वाढे आणि उजाडताना मी पुन्हा पूर्वेला. ते पाहून हरणाबाईंच्या मुलाने, रविराजने, रस्त्यावर 'सेल्फी पॉइंट'चा फलक लावला. संध्याकाळी फुलं रस्त्याकडे बघतील, असं तो धरून चालला. पण उमलल्यावर आमची वाढ थांबते, मान ताठ होते. मग आम्ही पूर्वेलाच पाहतो. कोवळ्या उन्हाने तोंड लवकर तापतं, मधमाश्या लवकर येतात, तेव्हा कुठे दाणे भरतात. हे आमचं जगणं आहे, हट्ट नव्हे.

गाड्यांतून माणसं उतरली, तर समोर सगळ्या पाठी. फुलं रुसलीत का, असं कुणी विचारलं आणि सगळे हसले. रविराज ओशाळला. त्याने माझी मान पिरगाळून रस्त्याकडे केली आणि सुतळीने काठीला बांधली. देठ करकरला, तरी फोटो चालूच होते. शेजारच्यांनाही तसंच बांधलं; त्यातल्या चौघांच्या माना त्याच दिवशी लोंबल्या.

सकाळी स्वप्नाली आली. रविराज म्हणाला, लोकं एवढ्या लांबून येतात, त्यांनी काय पाठीचे फोटो काढायचे?

ती हळूच म्हणाली, "दादा, ही आईच्या बियाची ओळ हाय. मडकं रिकामं झालंय. दाणं भरलं न्हाईत, तर फुडल्या साली काय पेरायचं?"

खाली बसून त्याने एकेक सुतळी कापली.

माझ्या देठाला चीर आहे. माझे अर्धे दाणे पोकळच राहणार. उरलेले भरावेत म्हणून मी उभं आहे. मित्रांनो, पाय तुम्हाला आहेत, आम्हाला नाहीत. पूर्वेचा बांध दहा पावलांवर आहे. आमचं तोंड पाहायचं असेल तर तिकडून या. सकाळी या, आणि हात मागे बांधून या.