फोनवरची आई

शाळेच्या घाईत ज्या घरात कधीच आरडाओरडा होत नाही, ते घर एकतर संतांचं असावं, नाहीतर तिथं शाळेत जाणारं कुणी नसावं. तेव्हा त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर जे झालं त्यात नवल असं काही नव्हतं. तिसरीतली एक मुलगी हातात पायमोजा घेऊन जिन्यात बसली होती.

"टोचतोय!"

मोजा नवा होता, मऊ होता. बोटांपाशी एक शिवण होती, एवढंच.

"काही टोचत नाही. मुकाट्यानं घाल," आई म्हणाली.

"टोचतोय, टोचतोय, टोचतोय!" मोजा खाली गेला, त्याच्यामागून बूट, बुटामागून डबा. डब्यातलं सगळं पायऱ्यांवर सांडलं. समोरच्या शेजारणीचं दार किलकिलं झालं, आणि ते पाहून आईचा उरलासुरला धीर संपला.

"तुझी लाज वाटते मला! कळलं? लाज वाटते!"

मुलगी एकदम गप्प झाली. आईला वाटलं, चला, मात्रा लागू पडली.

या मुलीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. अभ्यासाला बसली की पाच मिनिटांत उठायची, रांगेत उभी राहिली की रांग मोडायची, आणि रडू आलं की ते तिच्यानं आवरायचं नाही. डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं, हिला एडीएचडी आहे. "स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग हिच्यात जरा सावकाश पिकतोय. ओरडून तो लवकर पिकत नाही. शाळेला हे सांगा, घरच्या आजोबांना समजावा, आणि हिला शांत व्हायला शिकवा." आईनं मान डोलावली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. चार लोक काय म्हणतील! त्या चार लोकांनी आजवर कुणाच्या घरी येऊन भांडं विसळल्याचं ऐकिवात नाही, पण आपली निम्मी हयात त्यांच्याच धाकात जाते.

आणि ही आई नोकरी कसली करत होती? संकटकाळच्या मदत केंद्रात फोन घ्यायची! कुणाकडे आग लागलेली, कुणाला छातीत कळ आलेली, कुणाचं मूल सापडत नसलेलं. लोक रडत, किंचाळत, शिव्या देत. ही मात्र आवाज खाली आणून म्हणायची, "बोला. मी ऐकतेय." 'शांत व्हा' असं त्या खोलीत कुणी म्हणायचं नाही, असा दंडकच होता. त्यानं आजवर कुणी शांत झालेलं नाही. नवीन माणूस आला की त्याला हिच्या शेजारी बसवत आणि सांगत, नुसतं ऐक. एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली म्हणून भिंगरीही त्या खोलीतल्या बाकावर बसली होती. सगळा वेळ ती आईकडे बघत होती, आणि नवल म्हणजे एकदाही उठली नव्हती.

त्या दुपारी शेजारच्या खुर्चीवरची सहकारी कुरकुरली, "कुणीतरी सारखा फोन करतंय आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतंय."

तेवढ्यात हिचा फोन वाजला. पडद्यावर नंबर दिसत होता, पण हल्ली कुणाचा नंबर कुणाला पाठ असतो?

"मदत केंद्र. बोला, मी ऐकतेय."

पलीकडून फक्त हुंदके आले. मग अगदी बारीक कुजबुज. "मी न्हाणीघरात आहे. कडी लावलीय."

लहान मूल! तिनं बोटानं खूण केली, तशी केंद्राच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, नियमाप्रमाणे हे बोलणं ऐकायला आपल्या कानाला यंत्र लावलं.

"बरं केलंस फोन केलास. तुला कुठं लागलंय का?"

"नाही."

"घरात धूर, आग असं काही?"

"नाही. माझ्या डोक्यात खूप आवाज होतोय. मी आजोबांचा चष्मा फोडला. मुद्दाम नाही फोडला! रंग सांडला, मग ते म्हणाले, थांब, आईला सांगतो. मग समोरचा चष्मा माझ्या हातून फेकलाच गेला." श्वास लागला होता. "मी वाईट आहे."

"तू वाईट नाहीस, राणी. तू घाबरलीयस. मी इथंच आहे, कुठं जात नाही. पाय जमिनीवर टेकलेत? फरशी कशी लागतेय?"

"गार."

"छान. आता नळ सोड आणि मनगटांवर पाणी घे. घेतलंस? आता गरम दुधावर फुंकर घालतात ना, तशी हळूच, लांब फुंकर घाल. मीही घालते."

दोघी फुंकर घालत राहिल्या. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. हळूहळू हुंदके लांबले, मग थांबले.

"शाब्बास! किती छान जमलं तुला. आता मी तुझ्या आईला कळवू का?"

"नको! आईला नको! तिला माझी लाज वाटते."

सकाळी जिन्यात आईच्याच तोंडून निघालेला शब्द! भिंगरी आणि कुजबुज? या पोरीला कुजबुजताना तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. पोटची पोर, आणि आवाज ओळखू आला नव्हता!

"पिल्लू... मीच आहे गं. आई."

"माहितीये," कुजबुज आली. "आजोबांच्या फोनवरून सारखी लावत होते, दुसरी मावशी बोलली की ठेवून देत होते. आई, तू फोनवरचीच राहा ना. घरी येऊ नको."

जगाला धीर देणारी बाई, तिला स्वतःच्या लेकीशी काय बोलावं ते सुचेना. कसंबसं म्हणाली, "मी रागावणार नाही. कडी काढ, बाळा. आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसव. करशील?"

कडी वाजली.

फोन ठेवून तिनं वर पाहिलं तर मोठ्या बाई समोर उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आईची मान खाली गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"बाई, मी घरी अशी नसते," ती म्हणाली. "घरी मी... तुम्हाला ऐकवणार नाही."

"ऐकलं की आत्ता. पोरीनंच सांगितलं."

"डॉक्टर एडीएचडी म्हणतात, पण ती मुद्दाम करते, बाई! चित्र काढायला बसली की तासभर हलत नाही. मग मोजा घालायलाच काय होतं?"

"आवडीच्या कामात मन रमतं, त्यात तिची कमाई नाही. आणि नावडत्या कामात उधळतं, त्यात तिचा गुन्हा नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल ना?" मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली. "काल एक माणूस तुला आईमाईवरून बोलला. तू काय केलंस?"

"काही नाही. त्याचं घर जळत होतं. तो घाबरला होता."

"गॅस चालू कुणी ठेवला, असं विचारलंस?"

"आग लागलेली असताना कसं विचारणार?"

"मग?"

आईची नजर समोरच्या फोनवर गेली.

"परक्याची आग तुला कानानं कळते, आणि घरची डोळ्यांदेखत कळत नाही! का? कारण घरी तू आगीकडे बघतच नाहीस, शेजारणीच्या दाराकडे बघतेस. मी लाड कर म्हणत नाही. रंग तिनंच पुसायचा, आजोबांची माफी तिनंच मागायची. पण आधी आग, मग चौकशी. जा घरी. तुझी जागा मी सांभाळते."

घरी पोचेपर्यंत तिला सकाळचे ते शब्द पाठीवर वळ उठल्यासारखे झोंबत होते. आजवर तिला लेकीची लाज वाटत होती. आज पहिल्यांदा स्वतःची वाटली.

आजोबा खुर्चीत बसले होते, भिंगरी त्यांच्या पायाशी, मनगटं अजून ओली. आईला पाहताच पोरीनं खांदे वर घेतले, मार चुकवताना घेतात तसे. आईनं तिच्यावर हात कधीच उगारला नव्हता. तरीही!

आई दारातच खाली फरशीवर बसली. "मी चुकले, पिल्लू. लाज वाटावी असं तू काही केलं नाहीस. मी केलं."

"ते फोनवरचं बोलतेयस?" भिंगरीनं संशयानं विचारलं.

"घरचं बोलतेय. शिकतेय अजून."

मग आजोबांना सगळं सांगितलं गेलं. ते म्हणाले, "म्हणजे मी तुझ्या नावाचा बागुलबुवा करत होतो, सूनबाई. आणि पोर ज्याला घाबरते त्याचाच धाक घालत होतो." भिंगरीनं रंग पुसला, निम्मा फ्रॉकला. दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली आणि वर्गशिक्षिकेला मान वर करून सगळं सांगितलं. मोजे आता उलटे घातले जातात, शिवण बाहेर. जग बुडालं नाही.

एका दिवसात कुणी बदलत नाही. एका सकाळी बूट सापडेना, उशीर झाला, आणि आईचा आवाज पुन्हा चढला. जिना दणाणला. शेजारणीचं दार किलकिलं झालं. तेवढ्यात भिंगरीनं मूठ कानाला लावली, पाय जमिनीवर घट्ट टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मदत केंद्र. बोला, मी ऐकतेय."

आई बघतच राहिली. मग पायरीवर बसली आणि लेकीसमोर तिनं लांब फुंकर घातली.

वाचकहो, परक्यांसाठी आपल्यापाशी केवढा गोड आवाज असतो! गिऱ्हाइकाला, साहेबांना, दारी आलेल्या पाहुण्याला आपण तोच देतो, आणि घरच्या लेकराच्या वाट्याला उरलेला येतो. ज्या मुलाला स्वतःला आवरता येत नाही, त्याला आवरण्यासाठी आपण आधी आवरलेलं असावं लागतं. मूल शांत व्हायला धाकानं शिकत नाही, ते आपल्याकडे बघून शिकतं. भिंगरी तेच शिकली होती, आईला फोनवर ऐकून.